ओले रॉड, कोरडे लंगोट

मी लेकराला काखेत मारलं आणि मागच्या दारातून सरळ केळीत पळाले.

पायात चप्पल नाही. डोक्यावरचा पदर कुठं अडकून राहिला ते देवाला ठाऊक. केळीची पानं फाडफाड तोंडावर बसतायत, पाय चिखलात रुततायत, आणि लेकरू काखेत खदाखदा हसतंय, त्याला वाटलं आई खेळतेय. मागून सासूबाईंचा आवाज, "अरे धरा तिले कोनी! सूनले वारं लागलं रे!" त्यांच्या मागून आमच्या ह्यांचा, "अवं थांब! पडशीन! लेकरू पडीन!" आणि मी पळतेय, आणि पळता पळता मलाही हसू यायला लागलं. आवरेचना.

आता का पळाले ते सांगते. नुसतं आठवून दम लागलाय, पण सांगते.

आमचे हे वेल्डर. जळगावला आयटीआयमध्ये शिकले. गाव आमचं सावद्याकडं, तापीच्या अंगाला, जिकडं बघावं तिकडं केळी. त्या साली शेतकऱ्यांनी मिळून नदीचं पाणी वर शेतात चढवायची योजना काढली होती. खाली पंपघर, तिथून वर लोखंडाची पाइपलाइन. पाइप एवढा मोठा की माणूस रांगत आत जाईल. तिथं ह्यांना काम लागलं. गावातच राहून काम, म्हणून घरात सगळे खूश. मी धुळ्याची, सातवीपर्यंत शिकलेली, एकोणीस वर्षांची, आणि लेकरू आठ महिन्यांचं.

त्या गुरुवारी हे भरदुपारी घरी आले. दुपारी कधी येत नाहीत. संगतीला नाना होते. नाना म्हणजे लाइनीवरचे म्हातारे मिस्तरी, कोणी जोडलेला सांधा पास की नापास ते सांगणारे. ह्यांचं तोंड चुन्यासारखं पांढरं. म्हणाले, "पंपाजवळचा सांधा फाटला. पहाटे टण् आवाज झाला म्हणे, रखवालदार झोपेतून उठून बसला. ठेकेदार म्हणतो, ज्याचा सांधा फाटला त्यानं घरी बसायचं."

नानांनी शांतपणे विचारलं, "भाऊ, खरं सांग, वेल्डिंगना रॉड ओला व्हतात का?"

आणि हे तापले. "नाना! माझ्या रॉडले पाण्याचा थेंब लागला नाही. ह्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो." आणि हात पुढं केला.

हात असा आला. एक वीतभर राहिला होता.

आणि मला माहीत होतं की रॉडला पाणी लागलंय. मीच लावलं होतं.

खोटी शपथ लेकराला लागते. शपथ घेणाऱ्याला ठाऊक असो नसो, लागते, असं मी लहानपणापासून ऐकत आले. आणि लेकराला तर आधीच आठ दिवस जुलाब. मग मी काय विचार करत बसू? उचललं आणि पळाले.

ते जुलाबच सगळ्याचं मूळ. पौषाचे दिवस, कडक थंडी, त्यात चार दिवस आभाळ आलेलं, ऊन म्हणून नाही. दिवसाला वीस-वीस लंगोट. दोरीवर लंगोट, खाटेच्या पायावर लंगोट, सासूबाईंच्या देवघराच्या खिळ्यावर एक लंगोट वाळत घातला तर त्यांनी मला असं काही बघितलं की तो मी ओलाच परत काढला. चुलीजवळ वाळवले तर धुराचा वास, आणि लेकराच्या अंगावर पुरळ.

आणि आमच्या घरात कोपऱ्यात ती पेटी.

वेल्डिंगचे रॉड असतात ना, लोखंडाची काडी आणि वरून पांढरं लिंपण, ते लिंपण हवेतलं पाणी मिठासारखं ओढून घेतं. म्हणून ते रॉड विजेच्या पेटीत आधी भाजायचे आणि मग गरम ठेवायचे. पंपघराला अजून वीज आली नव्हती, तर ठेकेदारानं पेटी आमच्या घरी ठेवलेली. कपाटाएवढी, आत जाळीचे कप्पे. रोज सकाळी हे लागतील तेवढे रॉड डब्यात घालून न्यायचे. मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे झाकण उघडायचं नाही. तुझा ह्या पेटीशी संबंध नाही."

संबंध नाही कसा? घरातली एकुलती एक कोरडी, गरम जागा, आणि माझ्याकडं वीस ओले लंगोट!

आधी एकच ठेवला. वरच्या कप्प्यात, रॉडपासून लांब. अर्ध्या तासात पापडासारखा कडक. मी एवढी खूश झाले, एवढी खूश, लेकराला घेऊन तिथल्या तिथं फुगडीच घातली. मग दोन ठेवले. मग चार. हे कामावर, सासूबाई पारावर, आणि मी पेटीचं झाकण उघडतेय, घालतेय, काढतेय, गरम गरम लंगोट लेकराला बांधतेय, आणि लेकरू डोळे मिटून असं सुख घेतंय की बघत राहावं.

सोमवारी मी आठ घातले. नीट पिळलेही नव्हते. जागा पुरेना म्हणून खालच्या कप्प्यात सरळ रॉडवरच अंथरले. झाकण लावलं, दळण घेऊन गिरणीवर गेले, आणि गिरणीचा पट्टा माझ्या डोळ्यांदेखत थांबला. लाइट गेली. ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. ज्वारी तशीच डोक्यावर घेऊन परत. झाकण उघडते तर आत न्हाणीघर! वरून थेंब टपकतायत, लंगोट गारढोण, रॉड चिंब. मी घाईघाईनं एकेक रॉड पदरानं पुसला. पदराला पांढरी पावडर. मनात म्हटलं, पुसले की झालं, भांडी नाही का पुसत?

रात्री लाइट आली, पेटीचा लाल दिवा लागला. ह्यांनी झाकणाला हात लावून बघितलं, गरम लागलं, म्हणाले, "बरोबर." आणि मंगळवारी तेच रॉड घेऊन गेले. भिजलेले रॉड नुसते गरम ठेवून भागत नाही, पुन्हा भाजावे लागतात, हे मला नंतर नानांकडून कळलं.

तर मी केळीत, पाटाच्या काठावर, लेकराला छातीशी धरून बसलेली, हसतेय की रडतेय ते मलाच कळत नाही. बाहेर सासूबाई कोणाला तरी लिंबं-मिरच्या आणायला पिटाळतायत. आणि पानं बाजूला सारत नाना आले. एकटेच.

लांबच उभे राहिले. म्हणाले, "तुना नवरा येत व्हता, मी थांबाडं त्याले. तू धुयानी शे ना व पोरी? मी पारोयाना. आपली बोली एक शे. रडू नको. काय व्हयनं ते सांग."

नाना पारोळ्याचे, माहेरची अहिराणी कानावर पडली आणि माझा बांधच फुटला. म्हटलं, "नाना, हाई मन्हा हाते व्हयनं." आणि लंगोटापासून पदरापर्यंत सगळं सांगितलं.

आधी नानांच्या मिशा हलायला लागल्या. मग टोपी काढली आणि मांडीवर आपटत एवढे हसले की एक बगळा उडाला. "लंगोट! अरे माय व माय! पाऊसमां भिजेल रॉड देखात, दंवमां ठेयेल रॉड देखात, दारू पिसन रॉडवर झोपेल वेल्डर देखा. लंगोट आज पहिलांदाव देखा!"

मी म्हटलं, "हसू नका नाना. मी तर पुसले होते. आणि त्या दिवशी सांधा चांगला झाला होता ना? तुम्हीच पास केला म्हणे. मग दोन दिवसांनी कसा फाटला?"

नाना पाटाच्या काठावर बसले. त्यांनी खिशातून फाटलेल्या सांध्याचा कापून काढलेला तुकडा काढला, अंगठ्याएवढा. म्हणाले, बघ. मी बघितला. फाटलेली बाजू साखरेसारखी चमचम करत होती, बारीक बारीक रवे. मग दुसऱ्या खिशातून दुसरा तुकडा, साध्या पाइपाचा, वाकवून वाकवून तोडलेला. तो मळकट, ओढल्यासारखा, तंतू निघालेला.

"दोन्ही पोलादच शे," नाना म्हणाले. "पण पोलादले बी रवा असस."

मग त्यांनी मला विचारलं, तू साखरेचा पाक करतेस ना? गार ताटात ओतला आणि पटकन गार झाला तर काय होतं? म्हटलं, काच होते, टचकन तुटते. आणि कढईतच हळूहळू गार झाला तर? म्हटलं, मऊ राहतो, बोटानं दाबला तर दबतो. तर म्हणाले, झालं. एकच साखर, पण गार कसं झालं त्याच्यावर आतली बांधणी. पंपापाशी पाण्याचा जोर फार, म्हणून तिथं जाड आणि कडक जातीचं पोलाद लावलंय. थंडीचे दिवस, जाड लोखंड गारेगार, त्याच्यावर वितळलेला रस पडला की ते जाड लोखंड त्याची धग झटकन खेचून घेतं. सांध्याच्या कडेला काच होते.

"आणि पाणी?" मी विचारलं.

पाणी म्हणे त्या वेल्डिंगच्या ज्वाळेत फुटतं. त्याच्यातून एक वायू निघतो, हायड्रोजन. एवढा बारीक की लोखंडाच्या आत शिरतो, रव्यारव्यांमधून फिरतो. गरम असतं तोवर फिरतो, गार झालं की त्याला बाहेर पडायचं असतं. मऊ लोखंड असलं तर ते थोडं ताणतं, सरकतं, त्याला सामावून घेतं. कडक लोखंड सरकत नाही. मग तो रव्यांच्या सांध्यात गोळा होत बसतो, बसतो, आणि एक दिवस, दोन दिवस, तीन दिवसांनी, टण्!

मी ऐकतेय, ऐकतेय, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "म्हणजे नाना, पोटात वारा धरल्यासारखं? ह्याला पण होतं. दूध पितो तेव्हा चांगला असतो, आणि दोन तासांनी किंचाळतो."

नानांनी दोन्ही तुकडे खिशात टाकले. म्हणाले, "मन्हा साहेब इतलं इंग्रजी बोलना, पन असं कोनी नही सांगं."

मला एवढं बरं वाटलं! नवऱ्याची नोकरी बुडवून बसलेली मी, आणि शाबासकी मिळाली म्हणून कानापर्यंत हसतेय.

मग नाना गंभीर झाले. म्हणाले, ठेकेदार आठवडाभराचे सगळे जोड कापायला निघालाय, कारण कुठले रॉड ओले ते कोणालाच माहीत नाही. सगळे कापले तर तुझ्या नवऱ्याचं नाव गेलंच समज, जळगावपासून धुळ्यापर्यंत कोणी उभं करणार नाही. तू सांग, दिवस कुठला? मी म्हटलं, सोमवार. गिरणी बंद पडली, दळण परत आणलं, सोमवारच. म्हणजे मंगळवारचे रॉड. त्याआधी? म्हटलं, त्याआधी लाइट होती आणि दोन-चारच लंगोट होते, तेही रॉडपासून लांब, वरच्या कप्प्यात.

"मंगळवारना तीन जोड," नाना बोटं मोजत म्हणाले. "बस. बठ्ठा कापाना काम नही."

उठता उठता म्हणाले, "मी ठेकेदारले सांगसू, सोमवारी पेटीनी लाइट गयथी. हाई खोटं नही. लंगोटनं तू तुना नवराले सांग. ते मन्हं काम नही."

मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

घरी आले तर सासूबाईंनी दारातच माझ्यावरून लिंबू उतरवलं. ह्यांनी विचारलं, "काय झालं होतं तुले?" मी म्हटलं, "डोळ्यापुढं अंधारी आली." एवढं बोलून मी चुलीपाशी पळाले. दुसऱ्यांदा पळाले.

मंगळवारचे तीन जोड तपासले ते मी लांबून बघितलं. एका बाजूनं चुना फासायचा, दुसऱ्या बाजूनं रॉकेल लावायचं. केसाएवढी भेग असली तरी रॉकेल झिरपून चुन्यावर काळी रेघ उमटते. जाड पोलादाचे दोन होते. एक फाटलेलाच, दुसऱ्यावर रेघ उमटली, पातळ, वाकडी. आणि तिसरा साध्या पाइपावरचा, त्याच ओल्या रॉडनं जोडलेला, तो पांढरा स्वच्छ. मला एवढा हर्ष झाला की मी ओरडलेच, "मऊ आहे तो! सामावून घेतलं त्यानं!" सगळी माणसं वळून बघायला लागली. ह्यांनी डोळे वटारले. नाना दुसरीकडं बघून खोकले.

तरी नाना म्हणाले, आज नाही फाटला म्हणून विश्वास नको, तोही कापा. तिन्ही कापले.

ठेकेदार म्हणाला, पुन्हा तोच वेल्डर करेल, पण तीन दिवसांनी रॉकेल लावायचं. रेघ दिसली तर त्यानं उद्यापासून यायचं नाही. झालं. आमचं सगळं त्या तीन दिवसांवर येऊन बसलं.

ह्या वेळी नानांनी जाड पोलाद आधी रॉकेलच्या ब्लोलॅम्पच्या मोठ्या ज्योतीनं तापवायला सांगितलं, हात लावला तर चटका बसेल एवढं, म्हणजे रस एकदम गारठणार नाही. आणि जोडल्यावर वरून कोरडी राख घालून झाकायचं, म्हणजे हळूहळू गार होईल. आता एवढी राख कुठून आणायची? मी म्हटलं, मी आणते! सगळी गल्ली फिरले. लेकरू काखेत, डोक्यावर टोपली, दारोदार, "काकू, चुलीतली राख द्या हो, कोरडी, कालची." बाया हसायच्या. एकीनं विचारलं, "काबरं वं, भांडे घासाचा कारखाना काढला का?" दुसरी म्हणाली, "तिले परवा वारं लागलं होतं, देऊन टाका." मी म्हटलं, हो हो, लागलंय, द्या. अकरा घरची राख मी पंपघरापाशी नेऊन ओतली, आणि ह्यांनी ती पोत्यात भरून पाइपाभोवती बांधली, बाळंतिणीला शेक द्यावा तशी. माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसले. म्हणाले, "तुले काय एवढा उत्साह आलाय?"

मी काय सांगू? पेटीकडं मी आता बघतही नव्हते. लंगोट सरळ धुराला लावत होते. लेकराला धुराचा वास येत होता, पण जुलाब थांबले होते, ऊनही पडायला लागलं होतं.

ते तीन दिवस कुठंही टण् आवाज आला की माझ्या हातातलं सुटायचं. पारावर कोणी घंटी वाजवली, टण्. सासूबाईंचा तांब्या पडला, टण्. मी दर वेळी "अगं बाई!" आणि सासूबाई लिंबू शोधायला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लेकरू घेऊन सगळ्यांच्या मागं उभी. हे रांगत पाइपात गेले, आतून रॉकेल लावलं. बाहेर चुना वाळून पांढराफेक. नाना उकिडवे बसले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. किती वेळ गेला कोण जाणे. लेकरानं माझं मंगळसूत्र तोंडात घातलं, मी काढलं नाही. चुना पांढरा. पांढराच. पांढराच्या पांढरा.

"पास," नाना म्हणाले. "तिन्ही."

हे पाइपातून उलटे रांगत बाहेर आले, गुडघ्याला रॉकेल, तोंडाला काजळी, आणि डोळ्यांत पाणी. ठेकेदार म्हणाला, "उद्या ये वेळेवर." बस एवढंच. पण मी तिथं बायामाणसं आहेत, पुरुषमाणसं आहेत, काही न बघता लेकराला घेऊन गरागरा फिरले.

घरी आलो. चहा झाला. मला वाटलं, आता सांगावं. आता हे खुशीत आहेत, आता सांगितलं तर हसतील, नाना हसले तसे. मी तोंड उघडणार, तर हे उठले, सायकल बाहेर काढली.

"कुठं निघाले?"

"वीज ऑफिसात. त्या वायरमनले धरतो. सोमवारी दुपारभर लाइट बंद ठेवली हरामखोरानं. त्याच्यापायी माझं नाव खराब झालं, माझी भाकर जात होती. आज त्याले चार लोकांत विचारतो, अर्जच देतो त्याच्यावर."

सासूबाई आतून म्हणाल्या, "दे, दे, सोडू नको. त्याच्यापायी माझ्या सुनेले वारं लागलं."

तो वायरमन मला माहीत होता. पाराच्या पलीकडं राहायचा. त्याच्या बायकोनंच मला राख दिली होती, दोन टोपल्या, गाळून. सोमवारी तो बिचारा दिवसभर खांबावर लटकलेला होता, तार तुटली होती म्हणून.

हे सायकलवर बसले. पहिलं पायडल मारलं. दारापासून रस्ता उताराचा, चार पायडलं मारली की सायकल कोणाच्या बापाला थांबत नाही. मी लेकरू काखेत घेऊन धावले आणि ओरडले, "अहो!"

ते थांबले. एक पाय खाली टेकवला, वळून बघितलं. तोंडावर अजून काजळी होती, आणि एवढा आनंद, एवढा आनंद, की तसं तोंड मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. म्हणाले, "काय वं?"

माझ्या पोटात पुन्हा तेच हसू वर यायला लागलेलं, आणि जिभेवर सगळे आठच्या आठ ओले लंगोट.

खरं सांगा बायांनो, तिथं तुम्ही असत्या तर काय केलं असतं?